मिक्सर वीस हजार, टर्बो दीड लाख : स्पोर्ट्स कारमधलं हे लिंबाएवढं चाक इतकं का फिरतं?

घरातला सीलिंग फॅन पाचवर टाकला की मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे मारतो. सकाळी सकाळी चटणी वाटताना ज्याच्या आवाजानं शेजारचेही जागे होतात, तो मिक्सर १८ ते २० हजार. आणि कारचं इंजिन पार लाल रेषेला भिडवलं तरी सहा-सात हजार.

आता त्याच इंजिनाच्या कडेला बघा. एक्झॉस्टच्या पाइपावर गोगलगायीच्या शंखासारखा दिसणारा एक लोखंडी डबा बसवलेला असतो. त्याच्या आत लिंबाएवढं एक चाक असतं. गाडी दाबून चालवली की हे चाक मिनिटाला दीड लाख फेरे मारतं.

दीड लाख. म्हणजे सेकंदाला अडीच हजार. तुम्ही पापणी मिटून उघडेपर्यंत त्याचे चार-पाचशे फेरे झालेले असतात.

हा डबा म्हणजे टर्बोचार्जर. मोठ्या स्पोर्ट्स कारचा टर्बो मोठा असतो, तो लाखाच्या आतबाहेर फिरतो. छोट्या इंजिनाचा छोटा टर्बो दोन लाख ओलांडतो, काही अडीच लाखांपर्यंत जातात. (याच्याहून जास्त फिरणारं एक यंत्र तुम्ही तोंडात घेतलेलं असू शकतं. डेंटिस्टचं हवेवर चालणारं ड्रिल तीन-चार लाखांवर जातं. पण त्याचं चाक फारच छोटं असतं आणि त्याला हजार डिग्रीच्या धुरात काम करावं लागत नाही.)

पण इतकं फिरायची गरज काय? आणि एवढं फिरणारं चाक तुटत कसं नाही? तर विषय असा आहे.

पेट्रोल कितीही ओता, खरी अडचण हवेची

इंजिनची ताकद वाढवायची म्हणजे जास्त पेट्रोल जाळायचं, हे कुणीही सांगेल. पण एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल पंपानं कितीही ढकलता येतं. हवा मात्र इंजिन स्वतःच्या दमावर ओढतं, आणि एका वेळी सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच ओढतं.

३ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला साधारण दीडशे लिटर हवा गिळतं. याहून जास्त हवी असेल तर दोन रस्ते. एक, इंजिनच मोठं करा. दुसरा, हवा दाबून भरा.

दुसऱ्या रस्त्याची भन्नाट कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरला सुचली. त्यानं १९०५ साली पेटंट घेतलं. त्याचं म्हणणं साधं होतं. जाळलेल्या इंधनातली जवळपास एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरमधून गरम धूर होऊन वाया जाते. त्या धुराच्या वाटेत एक पंखा ठेवा. धूर त्याला फिरवेल. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा लावा. तो बाहेरची हवा ओढेल, दाबेल आणि इंजिनात कोंबेल.

टर्बो म्हणजे एवढंच. एक दांडा, दोन चाकं. धुराकडचं टर्बाइन, हवेकडचा कॉम्प्रेसर. इंजिनाला बेल्टनं जोडणं नाही, गिअर नाही.

याचा फायदा किती, हे १९१८ साली अमेरिकेत डोंगरावर चढून बघितलं गेलं. जनरल इलेक्ट्रिकचे इंजिनिअर सॅनफोर्ड मॉस लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन घेऊन कोलोराडोतल्या पाइक्स पीकवर गेले. उंची १४ हजार फुटांच्या वर, हवा विरळ. साडेतीनशे हॉर्सपॉवरचं ते इंजिन वर जाऊन २३० वर आलं. टर्बो जोडला आणि आकडा पुन्हा साडेतीनशेच्या पुढे गेला.

हवा हलकी आहे, हीच गोम आहे

आता मुद्द्याचं. पावसातून आल्यावर आपण छत्री गरकन फिरवतो आणि पाणी बाहेर उडतं. कॉम्प्रेसरचं चाक हवेला तसंच बाहेर भिरकावतं. भिरकावलेली हवा डब्याच्या भिंतीशी येऊन मंदावते आणि तिच्या वेगाचा दाब होतो.

पण पाणी जड आहे, हवा हलकी. हलकी गोष्ट जोरात आदळायची तर भयानक वेगानं फेकावी लागते. दाब किती मिळणार हे चाकाच्या कडेच्या वेगावर ठरतं, तेही वर्गाच्या हिशेबानं. कडेचा वेग दुप्पट झाला की हवेला मिळणारी ऊर्जा चौपट.

हिशेब करून बघा. चाकाचा व्यास ५ सेंटिमीटर, फेरे मिनिटाला दीड लाख. कडेचा वेग येतो सेकंदाला ३९० मीटरच्या वर, म्हणजे तासाला १४०० किलोमीटर. आवाजाचा वेग तासाला १२३५ किलोमीटर आहे. थोडक्यात, तुमची गाडी घाटात साठनं चढत असली तरी बॉनेटखालच्या चाकाची कड आवाजाच्या पुढे पळत असू शकते.

या वेगाला चाकाच्या कडेवरचा एक ग्रॅमचा तुकडा सहाशे किलोपेक्षा जास्त जोरानं बाहेर ओढला जातो. एक ग्रॅमला जवळपास एक मारुती ८०० लटकवल्यासारखं. म्हणून कॉम्प्रेसरचं चाक हलक्या आणि मजबूत अ‍ॅल्युमिनियमचं करतात, आणि त्याचं बॅलन्सिंग मिलिग्रॅममध्ये मोजतात. धुराकडचं चाक तर निकेलच्या मिश्रधातूचं असतं, साधारण तसाच धातू जेट इंजिनात वापरतात. कारण पेट्रोल गाडीत तिथलं तापमान हजार डिग्रीपर्यंत जातं. रात्री टेस्ट बेंचवर इंजिन दाबून चालवलं की टर्बोचा डबा लालभडक दिसतो, ते व्हिडिओ तुम्ही रील्सवर बघितले असतील. त्यात एडिटिंग नसतं.

आणि हवा दाबायला ताकद किती लागते? वरच्या ३ लिटर इंजिनात बाहेरच्यापेक्षा पावणेदोन-दोन पट दाबानं हवा भरायची तर ढोबळमानानं २५ हॉर्सपॉवर. तीन अ‍ॅक्टिव्हांचं इंजिन मिळून जेवढी ताकद देईल तेवढी फक्त हवा कोंबायला, आणि ती येते वाया जाणाऱ्या धुरातून. अगदी फुकट मात्र नाही. धुराच्या वाटेत अडथळा आला की इंजिनला धूर बाहेर ढकलायला जरा जोर लावावा लागतोच. तरी व्यवहार फायद्याचा.

मग चाक मोठं करून सावकाश का फिरवत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. चाकाचा व्यास दुप्पट केला तर अर्ध्या फेऱ्यांतच कडेला तेवढा वेग मिळेल. बेअरिंगचा त्रास कमी. मग घोडं कुठं अडलं?

अडलं जडत्वावर. त्याच आकाराचं चाक दुप्पट मोठं केलं की वजन आठपट होतं, आणि ते वजन मध्यापासून लांब गेल्यामुळे फिरवायला होणारा विरोध तब्बल ३२ पट. फेरे अर्धेच लागतात हे धरूनही त्याला वेगावर आणायला आठपट ऊर्जा द्यावी लागते. आणि ती देणार कोण? बिचारा धूर. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता, धूर वाढतो, चाक हळूहळू जोर धरतं, मग हवा येते, मग ताकद येते. या मधल्या वेळेला म्हणतात टर्बो लॅग.

चाक छोटं ठेवा, तर ते झटकन फिरतं पण वरच्या आरपीएमला इंजिनची भूक भागत नाही. मोठं ठेवा, तर ताकद प्रचंड पण उशिरा. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांचा जवळपास पन्नास वर्षांचा झगडा या एका वाक्यात आहे.

आणि या झगड्यात माणसांचे जीव गेले.

पोर्श ९११ टर्बो : जिचं टोपणनाव होतं ‘विडोमेकर’

कारमध्ये टर्बो आधी अमेरिकेनं आणला. १९६२ साली शेव्हरोलेची कॉर्व्हेअर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर. जेटफायरचा किस्सा मजेशीर आहे. दाबलेल्या हवेनं इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून त्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायचे. कंपनीनं त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं फिल्मी नाव दिलं. त्याची टाकी वेळोवेळी भरायची होती, आणि मालक लोक विसरायचे. शेवटी कंपनीनं अनेक गाड्यांचे टर्बोच काढून दिले.

१९७३ साली बीएमडब्ल्यूनं २००२ टर्बो काढली. पुढच्या बंपरखाली ‘टर्बो’ हे अक्षर उलटं छापलेलं, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात सरळ दिसावं आणि त्यानं बाजूला व्हावं. जर्मनीत यावरून बराच गहजब झाला. वर नेमकं तेव्हाच तेलसंकट आलं. १६७२ गाड्या बनल्या आणि खेळ संपला.

पोर्शनं मात्र हे अंग रेसिंगमध्ये कमावलं होतं. त्यांची ९१७/३० ही टर्बो रेसिंग कार ११०० च्या आसपास हॉर्सपॉवर काढायची, आणि १९७३ ची कॅन-अ‍ॅम मालिका मार्क डोनाह्यूनं तिच्यावर जिंकली. तिथंच त्यांनी वेस्टगेटचा वापर पक्का केला. वेस्टगेट म्हणजे धुराची चोरवाट. दाब पुरेसा झाला की एक झडप उघडते, उरलेला धूर टर्बाइनला वळसा घालून जातो, आणि चाक मर्यादेबाहेर फिरत नाही.

ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये ९११ टर्बो आली. ३ लिटर, बाहेरच्या दाबापेक्षा ०.८ बार जास्त दाब, २६० हॉर्सपॉवर. त्या वेळच्या साध्या ९११ ला १५० होते. जग वेडं झालं.

पण टर्बो एकच होता आणि मोठा होता. गिअर चारच. साडेतीन हजार आरपीएमच्या खाली ही गाडी अगदीच गरीब वाटायची. आता कल्पना करा. वळणावर आहात, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. काही होत नाही. अजून दाबला. तरी नाही. आणि चाकानं वेग धरला की वळणाच्या ऐन मध्यावर सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर. माणूस घाबरतो आणि पाय उचलतो.

नेमकं हेच करायचं नसतं. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. पाय उचलला की भार पुढे सरकतो, मागच्या टायरची पकड सुटते आणि जड शेपूट गाडीला गोल फिरवून टाकतं. मुरलेले ड्रायव्हर वळण संपायच्या आधीच अंदाजानं अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवायचे, म्हणजे बाहेर पडताना ताकद हजर. नवीन पैसेवाल्यांना हे कोण शिकवणार? ‘विडोमेकर’, म्हणजे बायकांना विधवा करणारी, हे नाव तिला असं चिकटलं. माझ्या मते दोष जितका ड्रायव्हरचा होता, तितकाच त्या ३२ पटीच्या गणिताचा.

१९७८ साली इंजिन ३.३ लिटरचं झालं आणि इंटरकूलर आला. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम लागते, तसंच. आपल्या हिशेबातल्या इंजिनात २५ डिग्रीची हवा दाबून शंभरपर्यंत जाते. तापलेली हवा पसरते, म्हणजे जेवढं कोंबलं त्यातलं काही वाया. मग इंजिनच्या आधी रेडिएटरसारख्या जाळीतून तिला गार करायचं. ताकद ३०० वर गेली. लॅग मात्र राहिला. पाचवा गिअर मिळायलासुद्धा १९८९ उजाडलं.

लॅगवर काढलेल्या युक्त्या

पहिली युक्ती, एकाऐवजी दोन छोटे. १९८६ च्या पोर्श ९५९ मध्ये आधी एक टर्बो जागा व्हायचा, वेग वाढला की दुसरा. १९९५ च्या ९११ टर्बोत दोन्ही बाजूंना एकेक छोटा. बुगाटी वेरॉननं तर चार लावून १००१ हॉर्सपॉवर काढली.

दुसरी युक्ती जास्त हुशार आहे. टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्यांचं कडं बसवायचं. धूर कमी असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते आणि धूर जोरात आदळतो. पाण्याच्या पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबल्यावर धार जाते तसं. धूर वाढला की पाती उघडतात. डिझेल गाड्यांत हे आधीपासून होतं. पण पेट्रोलचा धूर दोनेकशे डिग्रीनं जास्त गरम, त्यात ती पाती टिकवणं अवघड. पोर्शनं ते २००६ च्या ९११ टर्बोत करून दाखवलं.

तिसरी युक्ती म्हणजे धुराची वाटच बघायची नाही. दोन चाकांच्या मधल्या दांड्यावर छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवायची. तुम्ही पाय दाबला की धूर यायच्या आधी मोटर चाकाला वेगावर नेते. फॉर्म्युला वनमध्ये हे २०१४ पासून होतं आणि तिथल्या टर्बोला सव्वा लाख आरपीएमची मर्यादा होती. २०२६ च्या नियमांत ही मोटर काढून टाकली, कारण प्रकरण महाग आणि किचकट. गंमत अशी की तोवर ती रस्त्यावरच्या गाड्यांत पोचली. मर्सिडीज-एएमजीचा असा टर्बो १ लाख ७० हजारांपर्यंत फिरतो. २०२४ च्या ९११ जीटीएसमध्ये तर वेस्टगेटच नाही. धूर जास्त झाला की तीच मोटर जनरेटर होऊन जास्तीची ताकद बॅटरीत भरते आणि चाकाला आवरून धरते.

हे सगळं पोर्शचं झालं, आपलं काय?

आपल्याकडे ४ मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलं की कर कमी लागतो. म्हणून कंपन्या इंजिन छोटं ठेवतात आणि ताकदीसाठी टर्बो लावतात. रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनचं १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन त्यातलंच. म्हणजे दीड-दोन लाख आरपीएमचं हे प्रकरण आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं आहे, आणि त्याचे नियम पोर्शवाल्यांना लागू होते तेच आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं ऑइल. बहुतेक टर्बोचा पेन्सिलीएवढा दांडा ऑइलच्या केसापेक्षा बारीक थरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागलाच तर काही सेकंदांत कार्यक्रम आटोपतो. म्हणून कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल, सांगितलेल्या किलोमीटरला. जरा काळं झालंय, पुढच्या महिन्यात बघू, ही सवय साध्या इंजिनात खपून जाते, टर्बोत नाही.

सकाळी थंड इंजिन चालू केल्या केल्या रेस करू नका. पहिली काही मिनिटं निवांत चालवा.

घाट किंवा एक्सप्रेसवे दाबून चालवून आलात आणि लगेच किल्ली फिरवली, तर ऑइलचा प्रवाह थांबतो पण टर्बाइन तापलेलंच असतं. ती उष्णता दांड्याकडे सरकते, आतलं ऑइल जळून कोळसा होतो आणि बारीक वाटा बुजतात. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा, किंवा शेवटचा एक-दोन किलोमीटर हळू या. नव्या अनेक गाड्यांत टर्बोला पाण्याचं कूलिंग असतं आणि बंद केल्यावरही छोटा पंप चालू राहतो, त्यांना तेवढी काळजी नाही. शहरात सिग्नल टू सिग्नल फिरून आला असाल तर कुठल्याच गाडीला थांबायची गरज नाही.

आणि ते ‘स्टेज वन’ रिमॅप. लॅपटॉप जोडून वीस मिनिटांत हॉर्सपॉवर वाढवून देतात ते. त्यात बहुतेक वेळा टर्बोचा दाब वाढवलेला असतो, म्हणजे चाक आणखी फिरणार. वर सांगितलेला तो एक ग्रॅमचा हिशेबही वर्गानंच वाढतो. फेरे दहा टक्के वाढले की चाकावरचा ताण एकवीस टक्के. कंपनीनं ठेवलेली सुरक्षेची फट किती आहे, हे रिमॅप करणाऱ्याला विचारून बघा. आकड्यात उत्तर देणारा भेटला तर निदान त्याच्याशी पुढचं बोलता येईल. वॉरंटीचं काय, हेही विचारा.

लेह-लडाखला जाणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. उंचावर हवा विरळ, त्यामुळे तेवढाच दाब द्यायला चाकाला खालच्यापेक्षा जास्त फिरावं लागतं. इंजिनचा कॉम्प्युटर हे ओळखून दाब कमी करतो, म्हणून खारदुंग ला चढताना टर्बो गाडीही थोडी सुस्त वाटते. ती बिघडलेली नसते. पण सपाटीवरही दम लागत असेल, शिट्टीसारखा नवा आवाज येत असेल किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर निघत असेल तर मेकॅनिकला आधी हवेचे होजपाइप आणि टर्बोचं ऑइल सील बघायला सांगा. पाइपाला चीर असेल तर हवा बाहेर गळते, इंजिन जास्त दाब मागतं आणि चाक ती तूट भरून काढायला वाढीव वेगानं फिरत राहतं. काही शे रुपयांच्या पाइपापायी अख्खा टर्बो बदलावा लागतो तो असा.